साहेबाचा दगड



आज रणगाडा नाही, नकाशा नाही, कुठल्या लढाईची चाल नाही. आज एक दगड. मागच्या एका भागात मी ओघात बोलून गेलो होतो की आमच्या गावच्या चावडीच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा एक संगमरवरी फलक आहे. त्यानंतर इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, पार देहरादूनहूनसुद्धा मराठी मंडळींचे निरोप आले. आमच्याकडे असाच एक दगड आहे, त्यावर काय लिहिलंय, त्याचा अर्थ काय, असे प्रश्न. म्हणून आज तो दगड नीट वाचायचा.

आमच्या गावात त्याला ‘साहेबाचा दगड’ म्हणत. हात-दीड हाताचा पांढरा दगड, वर इंग्रजी अक्षरं खोदून त्यात काळा रंग भरलेला. गावात इंग्रजी येणारं कोणी नव्हतं, त्यामुळे कोणी म्हणे तो गावच्या शिवेचा दगड, कोणी म्हणे कलेक्टर येऊन गेल्याची खूण. आम्ही पोरं त्याच्याखाली गोट्या खेळायचो. मी सातवीत असताना आमच्या गुरुजींनी पहिल्यांदा तो मोठ्यानं वाचून दाखवला. मजकूर एवढाच: या गावातून ३१ माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी ५ जणांनी प्राण दिले. बस्. खाली नाव नाही, वर नाव नाही.

हा मजकूर आमच्या गावचा खास नव्हे. एकाच साच्यातले असे फलक ब्रिटिश सरकारनं युद्धानंतर भरतीच्या गावांमध्ये बसवले. सातारा, रत्नागिरी, नगर या आपल्या भागांत बसवले, तसेच पंजाबात, राजस्थानात, गढवालात आणि उत्तर प्रदेशातही. वाक्य तेच, फक्त आकडे बदलायचे. गाझीपूर जिल्ह्यातल्या गहमर गावातून २२८ जण गेले, २१ परत आले नाहीत. गहमर हे प्रचंड मोठं गाव. आपल्या साताऱ्याजवळचं अपशिंगे त्या मानानं लहान, पण तिथला आकडा ऐकला की माणूस गप्प होतो. या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले. गेले म्हणजे वारले. सरकारनं गावात स्मारक उभारलं आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला. आजही एसटीच्या पाटीवर, सरकारी कागदावर ‘अपशिंगे मिलिटरी’ असंच लिहितात. त्यानंतर दुसरं महायुद्ध झालं, १९६२, १९६५, १९७१ झालं, त्या प्रत्येकात त्या गावानं माणसं दिली. गावात घरटी एक फौजी ही नुसती बोलायची गोष्ट नाही.

सरहद्दीपलीकडचंही एक गाव सांगतो, कारण त्यांनी दगडावर भागवलं नाही. पाकिस्तानी पंजाबात चकवाल जिल्ह्यात दुलमियाल नावाचं खेडं आहे. तिथून ४६० जण गेले, ९ वारले. सरकारनं बक्षीस विचारलं तेव्हा गावानं जमीन न मागता तोफ मागितली. १९२५ साली ती मिळाली. बैलांनी ओढत गावात आणली आणि आजही ती तिथंच उभी आहे.

आता आपला दगड वाचू. आम्ही फौजी माणसं हुकूम वाचताना एकेका शब्दावर थांबतो, तसाच हा मजकूर वाचायचा.

पहिला शब्द ‘माणसं’. फलकावर ‘शिपाई’ लिहिलेलं नाही, हे लक्षात घ्या. सैन्यात लढणारे होते, तसे न लढणारेही होते. खेचरं हाकणारे, पाणी देणारे, स्वयंपाकी, धोबी, सईस, मोची, झाडूवाले, रस्ते आणि रेल्वे बांधणारे मजूर. सैन्याच्या भाषेत हे ‘फॉलोअर’. युद्धाच्या काळात हिंदुस्थानातून एकूण सुमारे १४ लाख ४० हजार लोक भरती झाले. त्यांपैकी लढणारे पावणेनऊ लाखांच्या आसपास आणि उरलेले साडेपाच लाखांहून अधिक हे फॉलोअर. म्हणजे दर पाच माणसांत जवळजवळ दोन. गोळी त्यांच्या बाजूनंही जायची, कॉलरा तर आधी त्यांनाच गाठायचा. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा शब्द ‘गेली’. कुठं गेली? दगड सांगत नाही. मराठा पलटणींपुरतं बोलायचं तर उत्तर बहुतेक वेळा मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आमच्या आजीच्या तोंडी तो देश नव्हताच, फक्त ‘बसरा’ होता. पणजोबा कुठं वारले असं विचारलं की ती म्हणायची, “बसऱ्याला गेलं ते गेलंच.” सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये हे डिव्हिजन तैग्रिस नदीकाठी कुट गावात वेढ्यात सापडलं. सोडवणुकीसाठी गेलेल्या फौजा तुर्कांच्या खंदकांवर आपटत राहिल्या. आत दाणा संपला, घोडे-खेचरं कापून खायची वेळ आली, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते मांस तोंडात घालायला नकार दिला. २९ एप्रिल १९१६ ला कुट पडलं. पुढे कैदेतल्या पायपिटीत आणि तुर्कस्तानातल्या रेल्वेच्या कामावर अनेक जण संपले. १०३, ११०, ११७ हे आकडे ऐकून गोंधळू नका. १९२२ च्या फेररचनेत या जुन्या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत आल्या. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावचं केंद्र हा त्यांचाच वारसा.

तिसरी गोष्ट साल. युद्ध तर नोव्हेंबर १९१८ मध्ये थांबलं, मग दगडावर १९१९ कसं? हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलाय. नोव्हेंबर १९१८ ला झाला तो युद्धविराम, तह व्हर्सायला जून १९१९ मध्ये झाला. शिवाय फौज लगेच घरी येत नाही. पलटणी इराकमध्ये तळ ठोकून होत्या, मे १९१९ मध्ये अफगाणिस्तानची लढाई उभी राहिली. युद्धातल्या मृतांची नोंद ठेवणारं कमिशन तर ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू युद्धातले धरतं. म्हणून तुमच्या घरातला माणूस १९२० साली बसऱ्यात तापानं वारला असेल, तरी त्याचं नाव त्या नोंदीत असू शकतं. ‘गोळी लागली नाही म्हणजे शहीद नाही’ असं समजून शोध सोडू नका.

आणि मग तो शेवटचा आकडा. नुसता आकडा का, नावं का नाहीत?

आता काही जण म्हणतील, खेड्यातल्या दगडावर तेव्हा नावं कोण घालत होतं. मंडळी, आपल्याकडे वीराचा दगड साहेबानं आणलेला नाही. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, अगदी कर्नाटकभर कुठल्याही जुन्या शिवमंदिराबाहेर बघा, वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. सूर्य-चंद्र असेपर्यंत याची आठवण राहावी, हा त्याचा अर्थ. आपल्या भागातले पुष्कळ वीरगळ बिनअक्षरी आहेत हे खरं, पण कर्नाटकात नावानिशी लेख असलेले कितीतरी सापडतात. बंगळूरचे प्रेक्षक असतील त्यांनी तिथल्या सरकारी संग्रहालयात आतकूरचा शिलालेख जरूर बघावा. मंड्या जिल्ह्यातला, साधारण इसवी सन ९४९ चा. त्यात रानडुकराशी झुंजून मेलेल्या एका शिकारी कुत्र्याचं स्मरण आहे, आणि त्या कुत्र्याचं नावही लिहिलंय: काळी. हजार वर्षांपूर्वी कुत्र्याचं नाव दगडावर येऊ शकत होतं.

इंग्रजांनाही हे माहीत नव्हतं असं नाही. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं त्यांनीच कोरली. १९१७ साली लंडनमध्ये युद्धातल्या कबरींसाठी कमिशन नेमलं, त्याचं तत्त्वच असं होतं की प्रत्येक मृताचं नाव नोंदवायचं आणि हुद्दा, वंश, धर्म यांवरून भेद करायचा नाही. फ्रान्समध्ये ते पाळलं. न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी नावं आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून अधिक. पण बसऱ्याचं स्मारक, जिथं चाळीस हजारांहून अधिक लोकांची आठवण आहे, तिथं गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांची कोरली, आणि आपल्या साध्या शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा घातला. अमुक पलटण, आणि इतर इतके शिपाई. ते स्मारकही १९९७ मध्ये सद्दाम हुसेननं मूळ जागेवरून उचलून वाळवंटात नेलं, तो भाग वेगळा.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच कमिशनच्या समितीनं आपला अहवाल काढला. किमान १ लाख १६ हजार मृत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावानं नोंदलेच गेले नाहीत किंवा कुठंच नोंदले नाहीत, असं त्यात कबूल केलंय. त्यांत मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतले लोक. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी. मी त्या दिवशी बातमी ऐकली आणि टीव्ही बंद करून बाहेर जाऊन बसलो. राग आला असं म्हणणार नाही. पस्तीस वर्षं वर्दीत काढल्यावर फौजेतला हिशेब कसा चालतो हे कळतं. पण आमच्या घरात पणजोबांचा फोटो नाही, समाधी नाही, आणि चावडीवरच्या त्या ‘५’ मध्ये ते एक आहेत, एवढंच आमच्याकडे होतं.

तेव्हा ठरवलं, पाचही नावं काढायची. कशी काढली ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

आधी दगडच वाचता येत नव्हता. एका स्वातंत्र्यदिनाच्या आधी चावडी रंगवताना कुणीतरी उत्साहानं फलकावरही ऑइलपेंट मारला होता. मजूर म्हणाला, साहेब, ऍसिड मारतो, चकाचक होईल. तसं चुकूनही करू नका. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद. ऍसिड त्याला खातं आणि रंगाबरोबर अक्षरही जातं. झिजलेलं अक्षर वाचायची साधी युक्ती आहे. रात्री अंधारात जा, टॉर्च दगडाच्या कडेला भिंतीला लावून आडवा धरा आणि समोरून मोबाइलनं फोटो काढा. खोदलेल्या अक्षरात सावली भरते आणि उन्हात न दिसणारा आकडा ठळक दिसतो.

मग कमिशनच्या संकेतस्थळावर शोध. ते फुकट आहे, घरबसल्या होतं. बसऱ्याच्या दगडावर नसलेली नावं तिथं बऱ्याच अंशी आहेत, आणि नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुकाही असतो. अडचण स्पेलिंगची. कारकून गोरा, सांगणारा वाईचा किंवा पाटणचा. एकाच सखारामाची तीन स्पेलिंगं, आणि गावाचं नाव तर ओळखू येणार नाही असं. म्हणून गावाच्या नावानं सुरुवात करू नका. पलटणीचं नाव आणि जिल्हा घाला आणि यादी ओळीनं वाचत जा. मला तीन संध्याकाळी लागल्या. पंजाबातल्या लोकांचं काम थोडं सोपं झालंय. लाहोरच्या संग्रहालयात तिथल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या गाववार नोंदवह्या सापडल्या आणि त्यांचं संगणकीकरण सुरू झालं. आपल्या जुन्या मुंबई इलाख्याची अशी वही माझ्या हाती लागली नाही, त्यामुळे आपल्याला घरोघर जावं लागतं.

घरात काय शोधायचं? पदकं. त्या पदकांच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंगातून बघा. मेलेल्याच्या वारसाला बशीएवढी, साधारण बारा सेंटिमीटरची ब्राँझची चकती मिळायची, तिच्यावर नाव असतं, हुद्दा नसतो. किती चकत्या भांड्यांच्या मोडीत गेल्या असतील देव जाणे. पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, काहीही चालेल. आणि तलाठ्याकडचे जुने फेरफार. माणूस वारला की वारसाची नोंद होते. आमच्या पणजोबांच्या जमिनीच्या फेरफारात मोडीत एक ओळ निघाली, ‘इसम लढाईवर मयत’, आणि पुढे पणजीचं नाव. त्या ओळीची झेरॉक्स मी देवघरात ठेवलीय. बायको हसते, हसू दे.

अशी चार नावं झाली. पाचवं जुळेना. आम्ही व्हिडिओत तसं सांगितलं, आणि सुरतेहून एका तरुणाचा फोन आला. कापडाच्या मार्केटमध्ये कामाला. मूळचा आमच्याच गावचा, पण आजोबांच्या काळातच घर सुटलेलं. म्हणाला, “काका, आमच्याकडं एक बिल्ला आहे, पण तुमच्यासारखा चांदीचा नाही, तांबूस आहे.” मी म्हटलं, घेऊन ये. दिवाळीला आला. रुमालात गुंडाळलेलं पदक. त्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल शिपायाला चांदीचं मिळायचं, आणि मजूर, फॉलोअर यांना तेच पदक ब्राँझचं. धातूवरूनच पायरी कळायची. कडेवर त्याच्या खापरपणजोबांचं नाव आणि लेबर कोअर.

हे घर महारवाड्यातलं. इथं थोडा इतिहास सांगायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली होती. युद्धात माणूसबळ कमी पडलं तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. ज्यांना पलटणीत जागा मिळाली नाही ते मजूर म्हणून गेले. हाही तसाच गेला आणि आला नाही. कमिशनच्या यादीत नाव मिळालं. पाचवा सापडला म्हणून आम्ही खूश.

दोनच आठवड्यांत पलटणीच्या यादीत आणखी एक निघाला. आमच्याच गावचा, बापाच्या नावासकट, खात्रीचा. दगडावर पाच, हातात सहा.

ग्रामसभेत विषय आला. आमचेच एक चुलतभाऊ उठले, वयानं माझ्याहून मोठे, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. म्हणाले, “दगडावर पाच लिवलंय. तो मजूर होता, शिपाई न्हवता. त्याला सोडा, हिशेब जुळतो.” सभेत कोणी काही बोललं नाही, आणि खरं सांगतो, पहिल्या मिनिटाला मीही बोललो नाही. माझ्याही डोक्यात तोच हिशेब येऊन गेला होता. मग मी मोबाइल काढला, टॉर्च लावून काढलेला फोटो मोठा केला आणि अण्णांच्या हातात दिला. म्हटलं, अण्णा, शब्द वाचा. ‘शिपाई’ कुठं लिहिलंय दाखवा. ‘माणसं’ लिहिलंय. अण्णांना इंग्रजी येत नाही, त्यांनी नातवाला वाचायला लावलं. नातवानं वाचलं. अण्णा म्हणाले, “बरं, मग घाला,” आणि खाली बसले.

पाच आकडा कसा आला असेल? माझा अंदाज असा की मोजणी झाली तेव्हा गावकामगार पाटलांनी वाड्यावाड्यांत विचारलं असेल आणि महारवाड्यात कोणी विचारायला गेलंच नसेल. पुरावा नाही, पण गावाची रीत मला माहीत आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत प्रत्येक ग्रामपंचायतीत शिलाफलक बसवायचे होते. आमच्या सरपंचबाईंनी तो फलक चावडीतच, जुन्या दगडाच्या बरोबर खाली घेतला. त्यावर सहा नावं, मराठीत, हुद्द्याशिवाय, वयाशिवाय, बाराखडीच्या क्रमानं. खाली एक नाव १९६५ चं. सुरतेचा पोरगा कुटुंबाला घेऊन आला होता. ते तांबूस पदक त्यानं छातीवर उजव्या बाजूला लावलं होतं, कारण दुसऱ्याचं पदक उजवीकडे लावतात हे मी त्याला सांगितलं होतं.

जुना दगड आम्ही काढला नाही, दुरुस्तही केला नाही. वर अजून ५ च आहे. शाळेची मुलं सहलीसारखी येतात, मोजतात आणि विचारतात, “वर पाच, खाली सहा, चुकलं कोणाचं?” गुरुजी त्यांना अण्णांकडे पाठवतात. अण्णांचं घर चावडीसमोरच आहे, आणि आता ते ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगतात.